वाड्याचे वय पाटीवर नव्हे, लाकडावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाजारपेठेतल्या वाड्याचा जीर्णोद्धार झाला की दारावर ‘दोनशे वर्षांची वास्तू’ अशी पाटी लागते. लाकडी सांगाड्याच्या घराला असे एकच वय क्वचितच असते. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि तो पुन्हा उभारला गेला. तिथला कोणता खांब पेशवाईतला, हे लाकूड बघूनच ठरवावे लागते.

ते फार अवघड नाही. हातकरवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतरावर उमटतात, यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ खवले दिसतात. तुळईत रिकामी साल (सांध्यासाठी कोरलेली खाच) आढळली तर एकतर तिथला खांब कोणी काढला आहे, नाहीतर तुळईच दुसऱ्या घरातून आली आहे. चौकोनी घडीव खिळा आणि गोल तारखिळा यांतला फरक तर कोणालाही कळेल. मात्र एकदा पॉलिशपेपर फिरला की या खुणा गेल्याच. म्हणून आधी प्रत्येक खणाला (दोन खांबांमधल्या भागाला) क्रमांक द्यावा, मापे आणि फोटो घ्यावेत, मगच सुताराला हात लावू द्यावा.

लाकूड बहुधा दोनच ठिकाणी कुजते: खांबाचा तळ आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक. मधला साग ठणठणीत असतो, तरी सर्रास अख्खी तुळई उतरवतात! टोच्या खुपसून पाहावे. सहज आत जाईल तेवढाच भाग टेकू देऊन कापावा आणि वाळलेल्या सागाचा तुकडा अर्ध्या खाचेने जोडावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड फोडते. झुकलेला सांगाडा जॅक लावून एका दिवसात ओळंब्यात आणू पाहिला, तर सालीतल्या कुशी (खाचेत बसणारी लाकडाची टोके) तुटतात.

कूज सुरू होण्याचे कारण मात्र अनेकदा नव्या गिलाव्यातच असते. माती-विटांची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. वर सिमेंट चढले की ती ओल तुळईच्या टोकाशी साठते, मागोमाग वाळवी येते. गिलावा चुन्याचाच हवा: खड्ड्यात किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला चुना एक भाग, वाळू किंवा विटांचा चुरा अडीच-तीन भाग. थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि पहिला घट्ट झाल्याशिवाय दुसरा नको. घाईच्या ठेकेदाराला हे परवडत नाही, म्हणून अट निविदेतच घालावी.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात आणखी एक गोष्ट राहून जाते. जुनी माती न काढता वर नवा थर टाकण्याची सवय असते; एक इंच माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४० किलो. फूटभर माती साचलेल्या छताखाली तुळई वाकलेली दिसली, तर आधी माती उतरवावी. टेकू मात्र त्याच्याही आधी.

आपला,
वास्तुसंवर्धनाच्या कामातील एक वाचक