शमीस, जुईच्या बेसबद्दल

पुणे, रविवार

प्रिय शमे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझी शुगर ताब्यात आहे, ह्यांचा गुडघा तसाच आहे. तब्येतीचं झालं.

जुई बेस गिटार सोडायचं म्हणतेय.

कॉलेजच्या बँडची स्पर्धा होती. पहिली दोन गाणी हिचा बेस मोठ्या स्पीकरवर आलाच नाही, साउंडवाल्याने तिचा चॅनल उघडलाच नव्हता. हिला पाठीमागच्या ॲम्पमधून स्वतःचं ऐकू येत होतं, त्यामुळे हिला पत्ताच नाही. खाली उतरल्यावर ड्रम वाजवणारा पोरगा धीर द्यायला म्हणाला, "जाऊ दे गं, कोणाला कळलंसुद्धा नाही." झालं! तेव्हापासून बेस बॅगेत आणि बॅग दाराआड. हे म्हणतात, मग साधी गिटार घे की, त्यात काय एवढं. आता ह्यांना काय सांगू?

म्हणून तुला लिहितेय. आपल्या गॅदरिंगला भर गाण्यात तुझ्या बेसची वायर सुटली होती, आठवतं? मी कीबोर्डवर दोन्ही हात आपटत होते तरी गाणं पातळ होत गेलं. समोरच्या पोरांना काय बिघडलं ते कळलं नाही, पण त्यांच्या टाळ्यांचा ठेका विस्कटला. जुईला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, ते तुमच्या वेळचं." (चर्चमधून मागून आणलेला तो धोंड्यासारखा बेस उचलून तुझा डावा खांदा उतरला होता, तो अजून तसाच आहे का गं?)

तर मी तिला ऐकायला अल्बम काढून देतेय आणि क्रम लावतेय. तू आता म्हणणार, तुझा लाडका बेसवाला जाको पॅस्टोरियस आधी. नाही, शमे. हॉस्टेलमध्ये ह्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता, आणि मी अजून तिथेच आहे. जाकोचा 1976 चा पहिला अल्बम अद्भुत आहे, कोण नाही म्हणतंय? चोविसाव्या वर्षी, पडदे काढून टाकलेल्या बेसवर, साथीला फक्त काँगा ढोल घेऊन तो 'डॉना ली' वाजवतो, आणि 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' तर जवळजवळ सगळं हार्मोनिक्सवर, तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरांवर, उभं केलंय. पण आत्ता ह्या पोरीच्या हातात तो दिला तर ती एवढंच समजेल की बेसने सगळ्यांच्या पुढे धावलं तरच तो ऐकू येतो. तिचं दुखणं नेमकं तेच आहे.

मी सुरुवात केली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पासून, 1971. त्याची रेकॉर्ड कंपनी मोटाउन त्याआधी रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसे. इतकी वर्षं सगळं जग त्यांच्या बेसवाल्या जेम्स जेमरसनच्या खर्जावर नाचलं आणि नाव कोणाला ठाऊक नाही. ह्या अल्बमवर ते आलं. उजव्या हाताचं एकच बोट, तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि तरी त्या शीर्षकगीतात बेस गाणाऱ्याच्या बाजूने स्वतःचं बोलत राहतो, त्याला कुठेही अडवत नाही. जुईने आधी ते मोबाइलच्या स्पीकरवर लावलं आणि म्हणाली, कुठेय बेस? अगं, बेसची जाड तार मोकळी वाजते 41 हर्ट्झला. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ती येणार कुठून? ह्यांचे मोठे हेडफोन तिच्या कानावर घातले. एक कडवं गेलं. मग तिची दोन बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. मी काही बोलले नाही, भाजी बघायला आत गेले.

दुसरा बीच बॉइजचा 'पेट साउंड्स', 1966. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बेस कॉर्डच्या मूळ सुरावर बसतच नाही, शेजारचा सूर धरतो आणि सगळं गाणं अधांतरी, हळवं होतं. मी कीबोर्डवर तोच कॉर्ड दोनदा वाजवून दाखवला, डावा हात बदलून. तेव्हा ती बॅगेकडे एकदा बघून आली. त्यातल्या काही गाण्यांवर कॅरोल के आहे. मूळची जॅझ गिटार वाजवणारी बाई, 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून बेस उचलला आणि मग तिचं नाव बेससाठीच झालं. हे मी ह्यांना मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं.

तिसरा, बीटल्सचा 'सार्जंट पेपर', तिला माहीत होता, पण मॅकार्टनी त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा बेस बाकी सगळं झाल्यावर शेवटी भरायचा हे माहीत नव्हतं. आता त्या नजरेने ऐकतेय.

जाको चौथा येईल, तोही जोनी मिचेलच्या 'हेजिरा'वर. नऊपैकी चारच गाण्यांवर आहे, पण तिथे तो आवाजाच्या भोवती फिरतो, तिच्यावर चढून बसत नाही. त्याच वर्षीचा त्याचा स्वतःचा अल्बम सगळ्यात शेवटी. व्हिक्टर वूटनचा 'अ शो ऑफ हँड्स'ही मागेच ठेवलाय. नुसता बेस आणि माणसांचे आवाज, तिसरं काही नाही, म्हणजे घाबरेल पोरगी. आपल्या मुंबईच्या मोहिनी डेचा 2023 चा अल्बम मात्र तिनेच शोधून काढला. तो मी बंद कर म्हणाले नाही, एवढं तुझ्यासाठी.

आता तू मला दोन गोष्टी कर. एक, मधे अजून एक अल्बम घालायचा असेल तर सांग, पण मेटल नको, तिच्या बँडमध्ये तेवढंच चालतं. दुसरी जास्त महत्त्वाची. तू तिच्याशी बोल. मी आई, माझं ती ऐकून घेते, मानत नाही. तुला शमामावशी बेस वाजवायची म्हणून ओळखते. तिला त्या वायरीची गोष्ट तू सांग, तुझ्या तोंडून. आणि सोडू नकोस असं म्हणू नकोस, ती उलटी जाईल. नुसतं कुठलं गाणं बसवतेस ते विचार.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? ओंकारची नोकरी लागली हे मला तुझ्या वहिनीकडून कळावं, ह्याचा हिशेब भेटल्यावर होईल. नाशिकला दिवाळीनंतर येते.

बुधवारी संध्याकाळी ती घरी असते. सातनंतर कर फोन.

तुझी,
नीला