केसगळतीच्या किटमधील औषध आणि त्याचे दुष्परिणाम न सांगितल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचे नाव, माझे नाव व ऑर्डर क्रमांक मूळ पत्रात दिले आहेत, या प्रतीत गाळले आहेत.)

विषय: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असे औषध ‘हेअर किट’ म्हणून विकणे, दुष्परिणामांची माहिती न देणे आणि तक्रारीवर दुसरेच उत्पादन गळ्यात मारण्याचा प्रयत्न करणे.

महोदय/महोदया,

आपले केसगळतीचे मासिक किट मी दिवाळीनंतर सुरू केले आणि उन्हाळ्यात कायमचे बंद केले. केस आले नाहीत अशी माझी तक्रार नाही. गळणे कमी झाले होते. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड ही दोन्ही औषधे पुरुषांच्या टकलावर काम करतात, हे इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनीही मला सांगितले. तक्रार अशी आहे की हे औषध आपण शाम्पूच्या थाटात विकले आणि त्याच्यासोबत जे सांगणे भाग होते, ते एकाही टप्प्यावर सांगितले नाही.

आपला खोका आत्ता माझ्यासमोर आहे. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘डीएचटी ब्लॉकर’ (डीएचटी हे पुरुषी संप्रेरक) आणि ‘ॲडव्हान्स्ड हेअर सीरम’. आत गोळ्यांची पट्टी. तिच्यावर लाल रेघ, कोपऱ्यात ‘आरएक्स’ (चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाची खूण) आणि करंगळीच्या नखाएवढ्या जागेत ‘फिनास्टराइड 1 मि.ग्रॅ.’ सीरमची बाटली फिरवून, मोबाइलचा टॉर्च मारून मागचा मजकूर वाचला, तर मिनॉक्सिडिल 5 टक्के आणि तिथेही फिनास्टराइड 0.1 टक्का. म्हणजे एकच औषध तोंडावाटेही आणि डोक्यावरूनही. तसे का, हे विचारावे तर समोर डॉक्टर नाही. पट्टीसोबत माहितीपत्रक नव्हते. पाच तारे कसे द्यायचे, हे सांगणारे चकचकीत कार्ड मात्र न चुकता दर खोक्यात निघाले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल आपण म्हणाल की ती दिली होती. दिली होती, मान्य. ॲपवर प्रश्नावली भरली, डोक्याचे फोटो टाकले, पैसे भरले आणि चहा निवायच्या आत पीडीएफ आली. प्रश्नावलीत वडिलांना टक्कल आहे का, कोंडा होतो का, झोप किती, असे सगळे होते. मन खचण्याचा त्रास पूर्वी झाला आहे का, घरात कोणी गरोदर आहे का, हे दोन प्रश्न नव्हते. पीडीएफवर सही आहे, पण डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. त्या डॉक्टरांनी मला कधी फोन केला नाही, पाहिले नाही, एक शब्दही विचारला नाही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. ऑनलाइन सेवा देणाऱ्याने डॉक्टरांचे नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक ग्राहकाला कळवायचा असतो. आणि संगणकीय प्रणालीने रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे चालत नाही, ते काम नोंदणीकृत डॉक्टरांचेच. माझी चिठ्ठी माणसाने लिहिली की मशीनने, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आता त्रासाबद्दल. हे लिहायला संकोच वाटतो, पण संकोचामुळेच आपला धंदा सुखाने चालतो, म्हणून लिहितो. किट सुरू केल्यावर काही आठवड्यांत माझी लैंगिक इच्छा कमी होत गेली आणि नंतर प्रत्यक्ष संबंधातही अडचण येऊ लागली. सोबत एक विचित्र मरगळ. सकाळी उठून अंघोळीला जायचेसुद्धा जिवावर यायचे. मार्च अखेरच्या हिशेबाचा ताण डोक्यावर बसला असेल, असे घरातले म्हणत. औषधाचे नावच ठाऊक नसल्याने औषधावर संशय जाण्याचा प्रश्नच नव्हता.

नाव कळले ते रक्तदान शिबिरात. आमच्या मनीषनगरात वसाहतीचे शिबिर असते, मी नेहमी रक्त देतो. फॉर्मवर चालू औषधांच्या रकान्यात ‘केसांच्या गोळ्या’ लिहिले. रक्तपेढीच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, “कोणत्या गोळ्या, दाखवा बरं.” ॲपवरचा फोटो मोठा करून त्यांनी पाहिला आणि फॉर्म बाजूला ठेवला. फिनास्टराइडच्या शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त घेत नाहीत, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवले जाऊ शकते. मग त्यांनी सहज विचारले, “घरी कोणी दिवसांची आहे का?” माझ्या पत्नीला तेव्हा चौथा महिना होता.

इथे आपण भेट दिलेल्या डबीबद्दल लिहायलाच हवे. पहिल्या किटसोबत आपण सात खणांची प्लॅस्टिकची डबी पाठवली होती, वारांची नावे छापलेली. म्हणजे गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरा, हे आपणच सुचवले. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी पत्नी ती डबी भरायची. एका बाजूला तिच्या लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, शेजारच्या डबीत माझ्या. शिबिराहून आल्यावर मी डबी उघडली. गुरुवारच्या खणात एक गोळी चुरगळलेली होती, कडांना भुकटी चिकटलेली. ती भुकटी ओल्या फडक्याने मी स्वतः पुसली, डबीवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी समजावले की गोळीवर आवरण असते, अखंड गोळीला हात लागल्याने धोका नाही. तुटलेली किंवा कुटलेली गोळी मात्र गरोदर स्त्रीने हाताळू नये. कारण मुलाच्या गर्भात बाह्य जननेंद्रियाची घडण होण्यासाठी जे डीएचटी लागते, तेच हे औषध अडवते. आपला खोका ज्याला अभिमानाने ‘ब्लॉकर’ म्हणतो, तो हाच गुण. सोनोग्राफीत काळजीचे काही दिसलेले नाही. पोटात मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कायद्याने सांगत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आमच्या डोक्यावरची टांगती तलवार बाळंतपणापर्यंत तशीच राहणार. ही काळजी एका ओळीच्या सूचनेने टळली असती. ती ओळ मूळ औषधाच्या माहितीपत्रकात 1997 पासून आहे. हे औषध टकलासाठी अमेरिकेत ‘प्रोपेशिया’ नावाने मंजूर झाले ते त्याच वर्षी.

यानंतर मी गोळी आणि सीरम दोन्ही थांबवले आणि आपल्या ‘हेअर कोच’ला चॅटवर सगळे लिहिले. उत्तर आले की शरीराला सवय होऊ द्या, मध्येच सोडू नका. आणि खाली लगेच आपल्याच ‘स्टॅमिना’ कॅप्सूलची लिंक, पहिल्या ऑर्डरवर सवलतीसह. एका खिशातून त्रास आणि दुसऱ्या खिशातून त्याच्यावरचा उपाय! हे वाचून बायको हसली, मला हसू आले नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने आणखी एक मुद्दा काढला, त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. त्यांचे म्हणणे असे की दुष्परिणाम आधी सांगितले तर लोकांना उगाच भास होतात, म्हणून कंपनी सांगत नाही. या म्हणण्याला आधार आहे, हे मला त्वचारोगतज्ज्ञांनीच सांगितले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी 5 मि.ग्रॅ. फिनास्टराइड घेणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले होते. ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, त्यांच्यात 43.6 टक्के जणांनी तक्रार केली. ज्यांना दिली नाही, त्यांच्यात 15.3 टक्के जणांनी. पण यातून आपली सुटका होत नाही. एक तर मला काहीच सांगितलेले नव्हते. मी त्या न सांगितलेल्या गटातला. औषधाचे नाव कळण्याच्या कितीतरी आधी मला त्रास सुरू झाला, तेव्हा भास कशाचा होणार? दुसरे, रुग्णाला किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे. विक्री विभागाने नाही.

आणि सांगण्यासारखे फार भयंकर आहे असेही नाही. औषध मंजूर होतानाच्या चाचण्यांत फिनास्टराइड घेणाऱ्या 3.8 टक्के पुरुषांना लैंगिक स्वरूपाचा काही ना काही त्रास झाला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 2.1 टक्के होते. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. हे आकडे आपण खोक्यात घातले असते तरी मी कदाचित किट घेतलेच असते, फक्त त्रास सुरू झाला त्या आठवड्यातच डॉक्टर गाठले असते. थोड्या लोकांना गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये ते माहितीपत्रकात घालायला लावले. मनाच्या बाबतीत तर हयगय नकोच. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने मे 2025 मध्ये आत्महत्येचे विचार येणे हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले आणि 1 मि.ग्रॅ.च्या खोक्यात रुग्णासाठी वेगळे सूचनाकार्ड घालायला सांगितले. औषधाचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, असेही त्याच समितीचे मत आहे. तेही कार्डावर छापा, माझी हरकत नाही. माझी मरगळ तितक्या टोकाला गेली नाही. पण माझ्यासारखाच एखादा पोरगा भाड्याच्या खोलीत एकटा राहत असेल, कोणाला काही बोलत नसेल, तर आपला हेअर कोच त्याला काय सांगणार? सवय होऊ द्या?

माझी तब्येत आता पुष्कळ सुधारली आहे. पूर्ण पूर्ववत झाली असे आज म्हणत नाही. डॉक्टरांकडे जाणे सुरू आहे.

बंद करायला सांगूनही मे महिन्यात पुढचे किट आलेच, कारण यूपीआय ऑटोपे (दरमहा आपोआप पैसे कापण्याची सोय) आपल्या ॲपमधून रद्द होत नाही. बटण दाबले की ‘आमच्या तज्ज्ञांशी बोला’ येते आणि तज्ज्ञ बोलत नाहीत. ते पार्सल वर्धा रोडवरच्या कुरिअर गोदामात पत्र्याखाली पडून होते. नागपूरचा मे महिना आपल्या मुख्यालयातल्या लोकांनी एकदा येऊन बघावाच. बाटलीवर 30 अंशांखाली ठेवा असे छापले आहे आणि बाहेर पारा 44 च्या घरात. खोका हातात आला तेव्हा बुडाशी तेलकट डाग, स्पिरिटचा वास, बाटली अर्धी रिकामी. फोटो जोडले आहेत.

आपल्या जाहिरातीबद्दल थोडक्यात. ‘टक्कल मुळापासून बंद, हमीसह’ असे आपण लिहिता. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कल आणि नवीन केस उगवणे या दोन्हींचा समावेश आहे. त्या यादीतली दुखणी बरी करतो असा दावा औषधाला करता येत नाही. शिवाय मिनॉक्सिडिल थांबवले की राखलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत उलट जास्त गळतात, हे दोन्ही आपण जाहिरातीत नाही तर निदान खोक्यात तरी लिहायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा. चिठ्ठीवर सही करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि माझ्या तपासणीची नोंद पाठवा. ऑटोपे आजच रद्द करून मी बंद करायला सांगितल्यानंतर कापलेले सगळे पैसे परत करा. त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या तपासणीचा खर्चही द्या, पावत्या जोडल्या आहेत. खोक्याच्या दर्शनी भागावर औषधाचे नाव ठळक आणि मराठीतही छापा, आत मराठी माहितीपत्रक घाला आणि ती डबी भेट देणे थांबवा. ज्यांना ज्यांना ती दिली आहे, त्या सगळ्यांना गरोदर स्त्रियांबाबतची सूचना फोनवर कळवा. हे शेवटचे माझ्या पैशांआधी करा.

माझ्या त्रासाची नोंद मी औषध दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे केली आहे. त्यांचा ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीत मिळतो आणि 1800-180-3024 या क्रमांकावरही माहिती देता येते. ही तक्रार ज्यांना उपयोगी पडेल, त्यांच्यासाठी क्रमांक मुद्दाम लिहिला. आपल्याकडूनही त्यांना अहवाल जायला हवा; गेला असल्यास त्याची प्रत पाठवा.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे आपल्याला या पत्राची पोच 48 तासांत आणि तोडगा एका महिन्यात द्यायचा आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, अन्न व औषध प्रशासनाचे नागपूर कार्यालय आणि जिल्हा ग्राहक आयोग, या तिन्हीकडे मी जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तारखांना आपल्याला नागपूरला यावे लागेल.

गळकी बाटली आणि मे महिन्याचा खोका न्यायचा असल्यास आधी फोन करून माणूस पाठवा, संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो. गोळ्यांच्या पट्ट्या आणि डबी मात्र परत मिळणार नाहीत, त्या पुरावा म्हणून माझ्याकडेच राहतील.

आपला,
एक ग्राहक
मनीषनगर, नागपूर

सोबत: पीडीएफ चिठ्ठी, चॅटचे स्क्रीनशॉट, खोक्याचे व बाटलीचे फोटो, तपासणीच्या पावत्या, ऑटोपेचे बँक विवरण.