डोकी मोजलीत, आता वयंही बघा

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गावाच्या लोकसंख्येबरोबर गावाची वयरचना विचारात घेण्याबाबत

महोदय,

सनविवि.

अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. बारावीच्या भूगोलाची सुरुवातच लोकसंख्येपासून होते, त्यामुळे लोकसंख्या मनोरा, म्हणजे वयोगटांच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचून काढलेला आलेख, मी फळ्यावर किती वेळा काढला असेल याची गणती नाही. खाली रुंद, वर निमुळता. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. पोरं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत जशाच्या तशा काढत. आमच्या गावाचा मनोरा कसा दिसतो हे मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या चार-पाच पोरांना घेऊन घरोघर फिरलो आणि आलेख कागदावर पाच-पाच वर्षांचे गट मांडले. आकडे इथे देत नाही, छोट्या गावात आकड्यांवरूनही माणसं ओळखू येतात. आकार मात्र सांगतो. हंगाम संपताना पऱ्हाटी कशी दिसते तुम्हाला ठाऊक असेल : खालची बोंडं वेचून झालेली, शेंड्याला तेवढी उरलेली. तसा. पाळण्यातली पोरं कमी, वीस ते पस्तीसच्या पट्ट्या तर कात्रीने कापल्यासारख्या, आणि पन्नासच्या वर गाव एकदम भरून आलेलं.

यात एक गंमत दिसली. साठ आणि पासष्ट या दोन वयांवर माणसांची नुसती झुंबड! एकसष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट वयाचं जणू गावात कुणीच नाही. भूगोलाच्या माणसाला हे नवं नाही. वय नक्की माहीत नसलं की माणूस शून्य किंवा पाचवर संपणारा आकडा सांगतो, सगळ्या जगात सांगतो. पण आमच्या पासष्टला आणखी एक कारण आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार पासष्टीला सुरू होतात.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना वय विचारलं. "मले काय मालूम बापा, लिहून टाक साठ." मग जुन्या खाणाखुणा काढत बसलो. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्याचं त्यांना लख्ख आठवतं. तेव्हा मोठा मुलगा पाळण्यात होता. म्हणजे त्या तेव्हा अठरा-एकोणीसच्या तरी असतील, आज बहात्तरच्या पुढे. आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६४. ज्याने नोंद केली त्याने अंदाजाने साल टाकलं आणि यंत्राने १ जानेवारी. या हिशेबाने दुष्काळात आजी आठ वर्षांच्या होत्या आणि मुलगा पाळण्यात! तालुक्याच्या एका कार्यालयात मी स्वतः त्यांना घेऊन गेलो. बाबूने कार्ड बघितलं, आजींच्या तोंडाकडे बघितलंच नाही. "अजून तीन वर्षं थांबा," म्हणाला.

येत्या फेब्रुवारीत, २०११नंतर तब्बल सोळा वर्षांनी, आमच्या दारात पुन्हा प्रगणक येतील. १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरलाय. जनगणना केंद्राची आहे हे मला कळतं, पण दारात येणारी माणसं तुमच्या राज्याचीच असणार, बहुतेक आमच्याच शाळांचे गुरुजी. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमच्या उत्तरेला मेळघाट. तिथली कोरकू कुटुंबं खरीप आटोपला की खाली उतरतात. कुणी विटाभट्टीवर, कुणी संत्र्याच्या बागेत, कुणी आणखी लांब. लेकरंबाळं बरोबर, म्हातारी घरी. परत येतात ती होळीला. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण, त्याला घर गाठायचंच. २०२७ची होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आहे आणि मोजणी त्याआधीच आटोपलेली असेल. माणूस ज्या ठिकाणी राहत असेल तिथे मोजायचा, हा नियम चुकीचा नाही. पण फेब्रुवारीतलं धारणी-चिखलदऱ्याचं पाडं आणि जुलैमधलं तेच पाडं ही दोन वेगळी गावं असतात. जुलैत तिथे गरोदर बाया असतात, अंगणवाडीची पोरं असतात. फेब्रुवारीच्या आकड्यावर त्यांचा आहार आणि त्यांची नर्सबाई ठरवायची, आणि भट्टीवर पाल ठोकून राहिलेल्याला तिथल्या प्रगणकाने गाठलं का हे कुणी बघायचं नाही, असं होऊ नये.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना कोण कुठे गेलंय, कधी येणार, कुणाला कितवा महिना आहे हे तोंडपाठ असतं. होळी झाल्यावर आठ दिवसांत त्यांच्या रजिस्टरवरून प्रत्येक गावाची वयवार नोंद करून घ्या आणि ती ग्रामपंचायत विकास आराखड्याला जोडा. जनगणनेचा आकडा राहू द्या, त्याच्या शेजारी ही नोंद ठेवा. आणि या कामाचे ताईंना पैसे द्या, फुकटात आणखी एक रजिस्टर नको.

कारण आज सगळं चालतं ते नुसत्या एकूण आकड्यावर, तोही २०११च्या. रेशन किती जणांना द्यायचं तो इष्टांक त्यावर. उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकांना एक, आदिवासी भागात ३,०००ला एक. आशा साधारण १,०००ला एक. चाकणच्या कामगार वस्तीतले हजार आणि आमच्या गावातले हजार एकाच मापाने मोजले जातात. तिथल्या हजारांना बाळंतपण आणि लसीकरण लागतं. इथल्या हजारांना बीपीची गोळी, मोतीबिंदू, खुब्याचं हाड आणि ते मोडल्यावर दवाखान्यात नेणारा माणूस लागतो. तो माणूस चाकणला असतो.

हे एकट्या आमच्या गावाचं रडगाणं नव्हे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, वर्धा जिल्ह्याची ५.२ आणि भंडाऱ्याची ५.६ टक्क्यांच्या आसपास. पाळणे कमी हलले आणि माणसंही बाहेर गेली. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१च्या पाहणीत १.७ होता. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतो. उत्तरेकडच्या राज्यांसाठी लिहिलेली "वाढती लोकसंख्या : एक समस्या" ही निबंधाची ओळ आमच्या शाळांच्या भिंतींवर अजून रंगवलेली असते, आणि आत पटसंख्या टिकत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचा विचार २०२३मध्ये निघालाच होता. शाळा लांब गेली की उरलंसुरलं तरुण जोडपंही तालुक्याला खोली घेतं, हे आम्ही डोळ्यांनी बघतोय.

लग्नाचंही बोलून टाकतो, कारण निवडणुकीत सगळे यावर विनोद करतात. २०११ला बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे ८५५ मुली होत्या, राज्यात ८९४. ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ घातलीत. शेतकरी नवरा नको हे मुलींचं म्हणणं मला पटतंही. पण मुळात मुलीच कमी आहेत हा हिशेब पंधरा वर्षांपूर्वीच कागदावर होता.

तुमच्या भाषणांत तरुण देशाच्या लाभांशाचा उल्लेख नेहमी असतो. तो लाभांश आम्ही वाढवला, शिकवला आणि भोसरीच्या गाडीत बसवून दिला. पुस्तकात साठीच्या पुढचे परावलंबी, पंधरा ते एकोणसाठचे कमावते. आमच्याकडे सत्तरीची बाई निंदणाला जाते आणि तेवीसचा नातू पोलीस भरतीसाठी सकाळी रोडवर धावतो. त्या धावण्याला तिचा रोज लागतो.

शेवटी त्या आजींचं. वय ठरवताना कागद नसेल तर दुष्काळ, पूर, सरपंच, रस्ता झाला ते साल अशा गावच्या प्रसंगांवरून वय काढायची रीत लोकसंख्येच्या अभ्यासात जुनी आहे. ग्रामसभेसमोर, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने असं वय मान्य करायचा एक आदेश काढा, आणि आधारच्या दुरुस्तीलाही तो कागद चालावा म्हणून केंद्राकडे शब्द टाका. गावात अशी निदान पाच-सहा म्हातारी तरी मीच दाखवीन. आलेख कागद जपून ठेवलाय. आपण इकडे आलात तर सतरंजीवर पसरून दाखवतो, दौऱ्यात पंधरा मिनिटं पुरतील.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. अचलपूर, जि. अमरावती

ता. क. : आजींना हे पत्र वाचून दाखवलं. बहात्तर ऐकून त्या खवळल्या. साठच लिही म्हणतात.