सूचना : शुक्रवारी तरुणांची बैठक, विषय केस आणि पेहराव

अस्सलामु अलैकुम.

येत्या शुक्रवारी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मशिदीतच बैठक आहे. सर्व तरुण सदस्यांनी यावे. वडीलधारेही आले तर उत्तम.

मुख्य विषय ‘कज़अ’, म्हणजे डोक्याचा काही भाग तासून बाकीचे केस ठेवणे. पैगंबरांचे (स.) साथी इब्ने उमर (रजि.) यांच्या हदीसनुसार (पैगंबरांच्या वचन-आचरणाची नोंद) त्यांनी हे मना केले. कानांवर बारीक मशीन फिरवून वर झुपका ठेवणे यात मोडते का, यावर उलेमांची (धर्मपंडितांची) मते वेगळी आहेत. तेच नीट समजून घेऊ. लांब केस मुळात मना नाहीत, पैगंबरांचे (स.) केस कधी खांद्यापर्यंत असत.

पुरुषांना सोने, रेशीम वर्ज्य. मिशा-नखे 40 दिवसांच्या आत कापावीत, हेही घेऊ.

कळकळीची विनंती : कोणालाही केसांवरून दारातच टोकू नका.

प्रश्न चिठ्ठीवर आणा, नाव नको.