ध्यानाच्या ध्वनिफितीमागे एक माणूस हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवरून घरबसल्या ध्यान शिकवणाऱ्या अ‍ॅपची ओळख करून देणारा मजकूर वाचला. कोणाचा आवाज शांत, कोणतं अ‍ॅप फुकट, कशाला वर्षाचे किती पैसे पडतात, हे सगळं त्यात आहे. ज्याला दिवसभराचा शीण घालवायचा आहे त्याला एवढी माहिती पुरेल. पण शेवटी जाता जाता म्हटलंय की, नैराश्य आणि चिंतेचा विकार असलेल्यांनाही ही अ‍ॅप उपयोगी पडतील. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे, कारण मी त्या विकार असलेल्यांपैकी एक आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नैराश्याने मला आजवर तीनदा गाठलं. पहिल्या वेळी ते कुणाला कळलंच नाही, मलाही नाही; अंगात रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या घेत राहिले. तिसऱ्या वेळी, २०२१च्या पावसाळ्यात, सकाळी उठून चहा टाकणंही जड झालं होतं. मानसोपचारतज्ज्ञ साताऱ्याला. एसटीने जाऊन, नंबर लावून, परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्याने झोप लागू लागली. गोळ्यांनी मला उभं केलं हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करणार नाही.

बरं वाटू लागल्यावर डॉक्टरांनी सुचवलं की, हे पुन्हा उलटू नये म्हणून सजगतेचा, म्हणजे इंग्रजीत ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम करा. आमच्याकडे असा वर्ग कुठला असणार? भाचीने इंटरनेटवरचा एक मोफत अभ्यासक्रम शोधून दिला. सगळा इंग्रजीत. रोज ऐकायच्या ध्वनिफिती, आठवड्याला एक पाठ, लिहायला एक वही. पहिल्याच पाठात एक बेदाणा हातात घेऊन तो जन्मात कधी पाहिलाच नाही असा न्याहाळायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. बेदाणा तासगावचा, घरातलाच होता. तो दोन मिनिटं तोंडात घोळवताना मला कळलं की, गेले कित्येक महिने मी काय खाते याकडे माझं लक्षच नव्हतं.

पुढे पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावरून मन फिरवायचं. श्वासाकडे लक्ष ठेवायचं. मन भटकलं की ते भटकलंय एवढं ओळखून पुन्हा श्वासावर आणायचं. करायला सोपं वाटतं, पण ते कशासाठी हे समजायला मला पाच आठवडे लागले. नैराश्य येऊन गेलेल्या माणसाचं मन एका वाटेने घसरतं. साधी उदासी आली, कुकरची शिट्टी मोजायला चुकले, की लगेच 'माझं काही खरं नाही', 'मी कुणाच्या उपयोगाची नाही', 'पुन्हा तेच सुरू झालं' अशी माळ लागते. तेच ते उगाळत बसलं की उदासीचा आजार होतो. विचार आला की त्याच्यामागे न जाता 'हा विचार आहे' एवढंच पाहायचं, म्हणजे ती माळ मधेच तुटते. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या या जागेवर बोट ठेवून हा उपचार बांधला. त्यासाठी त्यांना आधार झाला जॉन कबाट-झिन यांच्या सजगता-वर्गाचा, जो त्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू केला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या तिघांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ६६ टक्के लोकांना ते सुमारे वर्षभरात पुन्हा आलं; सजगता शिकलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं त्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. मला तीनदा येऊन गेलेलं, त्यामुळे हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

पण तिसऱ्या आठवड्यात मला जे झालं ते कुठल्याही अ‍ॅपच्या जाहिरातीत दिसत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की छातीत धडधडायचं. वीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाचा दवाखाना, तो वास, तो पंखा, सगळं समोर यायचं. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी फीत पुन्हा लावायची आणि पुन्हा तेच व्हायचं. फितीतला आवाज आपल्याच लयीत पुढे जात राहायचा. त्याला काय विचारणार? अभ्यासक्रम सोडून दिला असता, पण आमच्या आळीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळे उघडे ठेवून कर, श्वास नको, पायाचे तळवे जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष दे, पाचच मिनिटं कर, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाल. मग दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येऊ लागला. दहा मिनिटांचा. 'केलंस का? काय झालं?' एवढंच. माझे आठ आठवडे त्या फोनमुळे पूर्ण झाले.

हा माझ्या एकटीचा अनुभव म्हणून सोडून द्यावा, तर संशोधनही त्याच दिशेला बोट दाखवतं. अमेरिकेत ४६० जणांवर अशा ऑनलाइन अभ्यासक्रमाची चाचणी झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले. नैराश्य बरंचसं गेलेलं पण थोडं मागे रेंगाळलेलं, असे हे लोक. नेहमीच्या उपचारांना या अभ्यासक्रमाची जोड मिळालेल्यांची लक्षणं अधिक कमी झाली. त्यातही फोनवरून मदत करणारं माणूस ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये ४१० नैराश्यग्रस्तांना स्वतः वाचून करण्याचा सजगतेचा अभ्यास दिला, पण सोबत प्रशिक्षित कार्यकर्त्याशी ठरलेल्या सहा भेटी. तिथे हा अभ्यास, विचार बदलायला शिकवणाऱ्या नेहमीच्या स्व-अभ्यासापेक्षा सरस ठरला. हे २०२३चं. विरुद्ध बाजूचाही दाखला आहे, तो लपवत नाही. स्वीडनमध्ये चिंतेचे विकार असलेल्या ९१ जणांपैकी एका गटाला, मागे कुणी मार्गदर्शक न ठेवता, इंटरनेटवरून ९६ ध्वनिफिती दिल्या, आणि त्यांची चिंता खरोखर कमी झाली. म्हणजे एकट्याने होतच नाही असं नाही. पण ते लोक रीतसर तपासून, निदान करून घेतलेले होते आणि आपली मोजणी होणार हे त्यांना ठाऊक होतं. बाजारातल्या अ‍ॅपचं काय होतं? मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. महिनाभराने ती वापरत असलेले लोक होते साधारण ३ टक्के. आठ आठवड्यांचा अभ्यास आणि चौथ्याच आठवड्याला शंभरातले तिघे! बाकीचे ९७ 'मला तर ध्यानसुद्धा जमत नाही' असं मनाशी म्हणत असतील, तर नैराश्याच्या माणसाला ते किती लागत असेल, हे मी सांगू शकते.

'हे तर आपलंच, त्यांनी इथून नेलं,' असं अनेक जण म्हणतात. खरं आहे, पाली भाषेतल्या 'सति' म्हणजे सजगता या शब्दापासूनच हे सगळं निघालं, आणि इगतपुरीचं विपश्यना केंद्र तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात. पण त्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेलं असतं, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं तिथले लोक स्वतःच सांगतात. ध्यानाने त्रास होऊ शकतो हे त्यांना माहीत आहे. २०२० साली ध्यानावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सुमारे ८ टक्के लोकांना चिंता वाढणं, उदासी येणं असा काही ना काही त्रास झाल्याचं आढळलं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येताहेत, ज्याला भास होतात, त्याच्या हातात इअरफोन देऊन चालणार नाही. त्याला आधी डॉक्टर हवा.

भाषेबद्दलही थोडं लिहिते. शिक्षिका असल्याने ते मला जास्त खटकतं. मराठीत म्हणून ध्यानाच्या ज्या दोन-तीन ध्वनिफिती मी ऐकल्या, त्यांत 'आपल्या विचारांचा न्याय न करता निरीक्षण करा' असली वाक्यं होती. हे मराठी नव्हे. 'बरं-वाईट न ठरवता नुसतं बघा' म्हटलं असतं तर आमच्या शेजारच्या मावशींनाही समजलं असतं. आपल्या बायका 'मला चिंतेचा विकार आहे' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. मराठी ध्वनिफीत तिथून सुरू व्हायला हवी. आणि ती एकदा उतरवून घेता यावी, कारण आमच्याकडे रेंज गच्चीवर मिळते आणि घरातला मोबाइल मुलाच्या हातात असतो. दार लावून अर्धा तास बसलं की बाहेरून 'काय झालं?' अशी हाक येते. तेव्हा भाकरी थापताना, नळाला पाणी येण्याची वाट पाहताना करता येईल असा दहा मिनिटांचा सरावही त्यात हवा.

बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि नैराश्य-चिंतेसारख्या विकारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. इतक्या लोकांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ नजीकच्या काळात मिळणार नाहीत. म्हणूनच घरबसल्या शिकण्याच्या या मार्गावर माझा जीव आहे. तो बंद करा असं मी म्हणत नाही, तो नीट बांधा एवढंच मागते आहे.

बांधायची सामग्री आपल्याकडे आहे. मानसिक त्रासात फोनवरून मदत करणारी टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. आज तिथे माणूस संकटात सापडला की स्वतः फोन करतो. डॉक्टरांनी ज्याला सजगतेचा अभ्यास सुचवला त्याला तिथून आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांचा फोन गेला तर? त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. शेजारच्या गोव्यात 'संगथ' या संस्थेने सर्वसाधारण लोकांना शिकवून समुपदेशक म्हणून तयार केलं, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत केली, आणि ४९५ रुग्णांच्या चाचणीत तिचा उपयोग झाल्याचं दिसलं. तो उपचार सजगतेचा नव्हता, वेगळा होता. पण शिकवलेलं साधं माणूस हे काम करू शकतं, हे त्यातून कळलं. कृपा करून हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नये, त्यांच्याकडे आधीच नको तितकी रजिस्टरं आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, निवृत्त परिचारिका आहेत. मानधन आणि नीट प्रशिक्षण द्या, मागे डॉक्टर उभा ठेवा. माझं नाव पहिलं लिहून घ्या.

आपल्याकडे एक मागणं आहे. यापुढे अशा अ‍ॅपविषयी छापताना त्याचे पैसे किती याच्या आधी हे छापा, की अडचण आली तर पलीकडे बोलायला कुणी आहे का, हा अभ्यास कुणी करू नये हे त्यात सांगितलंय का, आणि मराठी समजेल अशी आहे का. आणि १४४१६ हा आकडा त्याच चौकटीत ठळक अक्षरांत द्या.

नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, तो छापू नये. मला स्वतःला संकोच नाही, पण घरात पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दहिवडी (जि. सातारा)