मतदानाच्या दिवशी दारात येणारी गाडी एरवी का येत नाही?

मा. परिवहन मंत्री आणि मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. आता निवृत्त आहे, मिरजेत राहतो. पत्राचं निमित्त माझा मुलगा. २०१७ साली वायरिंगचं काम करताना तो परांचीवरून पडला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग गेलं. आज तो ३४ वर्षांचा आहे. घरीच मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, चार पैसे मिळवतो. तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच आहे. तो आजारी नाही. त्याला फक्त चालता येत नाही.

मागच्या वैशाखात माझ्या भाचीचं लग्न जयसिंगपूरला होतं. मिरजेहून फार तर अर्ध्या तासाचा रस्ता. एसटीच्या पायऱ्या त्याला शक्य नाहीत. रिक्षात घडी घातलेली चाकाची खुर्ची मागे कशीबशी मावते, पण कमरेत जोर नसल्याने प्रत्येक वळणावर तो कलंडतो, दोघांनी दोन्हीकडून धरून बसावं लागतं. मोटार करायची तर काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून उचलून आत ठेवायचं. हल्ली तो उचलू देत नाही. "मी काय पोतं आहे का?" म्हणतो. माझंही आता ६५ वय, कंबर साथ देत नाही.

शेवटी अॅम्ब्युलन्स केली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, इथे अॅम्ब्युलन्सला तोटा नाही. ओळखीतल्या एकाने जाऊन-येऊन १,८०० रुपयांत यायचं कबूल केलं. गाडी मांडवाच्या तोंडाशी थांबली तशी सनई बंद पडली. नवरीची आजी हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरून उठून उभी राहिली. मागचं दार उघडलं, तर आत नवा शर्ट घातलेला माझा मुलगा, हातात आहेराचं पाकीट. लोकांचा जीव भांड्यात पडला, दोघं-तिघं हसलेही. मुलगा त्यांच्यासोबत हसला. पण त्या दिवसानंतर तो एकाही लग्नकार्याला आलेला नाही.

आता दुसरा दिवस सांगतो. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. आदल्या दिवशी निवडणूक कार्यालयातून फोन आला, सकाळी ठरल्या वेळी त्यांची गाडी दारात उभी. सोबत दोन तरुण स्वयंसेवक, केंद्रावर रॅम्प तयार. तासाभरात मत देऊन आम्ही परतीच्या वाटेला लागलो. येताना तो हळूच म्हणाला, "बाबा, विचारा ना यांना, कृष्णाघाटावरून जरा नेतील का?" त्यांना पुढचे मतदार आणायचे होते, त्यांचंही बरोबरच होतं. मी विचारलं नाही. न विचारल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मंत्रिमहोदय, त्या दिवशी मला कळलं की हे अशक्य नाही. गाडी मिळते, माणसं मिळतात, यादीसुद्धा तयार असते.

आणीबाणीला १०८ आहे, २०१४पासून महाराष्ट्रात तिने किती जीव वाचवले ते मी रस्त्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे. पण बँकेत जायला, कोर्टाच्या तारखेला, क्लासला, बहिणीकडे राखीला १०८ बोलवायची नसते आणि बोलवूही नये. धडधाकट माणूस या सगळ्यासाठी वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी, पकडतो. आमच्या पोरांनी काय पकडायचं?

एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ती तिकिटं मी स्वतः हजारोंनी फाडली आहेत, आणि ती सवलत कितीकांच्या पोटापाण्याला उपयोगी पडली हेही मला ठाऊक आहे. मात्र जो पायरीच चढू शकत नाही, त्याच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही. असे प्रवासी आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर मिळून उचलून आत घ्यायचो. तेव्हा मला त्यात पुण्य वाटायचं. स्वतःच्या मुलाला उचलायची वेळ आली, तेव्हा उचलून घेतल्या जाणाऱ्याला काय वाटतं ते समजलं.

निवृत्त झालेले दोन ड्रायव्हर मित्र आणि मी, आम्ही तिघांनी अशी गाडी स्वतःच काढायचं ठरवलं होतं. जुनी व्हॅन घ्यायची, मागून उतरणारा रॅम्प बसवायचा, खुर्ची चारही कोपऱ्यांनी पट्ट्यांनी तळाला आवळायची आणि बसणाऱ्याला वेगळा पट्टा. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी हवी, भाड्याने चालवायची तर परवाना, शिवाय विमा. तेही केलं असतं. अडलं ते हिशोबाला. खुर्ची चढवून पट्टे लावायला दहा मिनिटं, उतरवायला दहा मिनिटं, परत येताना गाडी रिकामी. रिक्षा दिवसाला वीस फेऱ्या मारते तिथे ही गाडी सात-आठच मारणार. रिक्षाइतकं भाडं घेतलं तर डिझेलही निघत नाही, आणि जास्त घेतलं तर निराधार योजनेच्या पैशांवर जगणारा माणूस गाडीत बसणार कसा? ही सेवा नफ्यावर चालणारी नाही. म्हणून सरकारकडे आलो.

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिने सांगितलं की अमेरिकेत १९९०च्या दिव्यांग कायद्याने सार्वजनिक बसच्या ठरलेल्या मार्गांच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत अशी सेवा द्यावीच लागते. आदल्या दिवशी नोंदवायची, भाडं बसच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही. आणि मला सगळ्यात भावलं ते हे, की कशासाठी जायचं आहे यावरून फेरी नाकारता येत नाही. सिनेमाला जाणाराही दवाखान्यात जाणाऱ्याइतकाच हक्काचा प्रवासी.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम ४१ सांगतं की दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात ये-जा करता यावी म्हणून सरकारने योजना आखाव्यात. ३ डिसेंबर २०२२ला आपल्या राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र मंत्रालय जाहीर केलं, तेव्हा मी पेढे वाटले होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. आज ते नक्कीच जास्त असतील.

माझी मागणी साधी आहे. ही सेवा आरोग्य खात्याकडे देऊ नका, एसटीच्या आगारांकडे द्या. आगारात ड्रायव्हर आहेत, फोनवर माणूस आहे, दुरुस्तीची सोय आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत आमची माणसं अख्ख्या बसची बॉडी बांधतात, त्यांना एक रॅम्प जड नाही. सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात एका आगाराला दोन गाड्या द्या. पैशांसाठी स्थानिक संस्थांनी दिव्यांगांवर खर्च करायचा तो ५ टक्के निधी आहे. शिलाई मशिन आणि सायकली हव्यातच, पण त्याच निधीतून या गाड्यांचा महिन्याचा खर्चही उचलता येईल. ड्रायव्हरसोबत एक मदतनीस हवाच, आणि खुर्ची कशी धरायची, माणसाला न विचारता हात लावायचा नाही, हे दोघांना आठवडाभर तरी शिकवा. शिवाय आमच्यासारखं कुणी स्वतः गाडी काढत असेल तर त्याला आरटीओत एकाच टेबलावर मंजुरी मिळू द्या आणि वाहनकर माफ करा.

प्रवासी मिळतील का, असं कुणी विचारेल म्हणून मी वही घेऊन आमच्या आणि शेजारच्या दोन प्रभागांत फिरलो. ४३ नावं झाली. गाडी मिळाली तर पहिल्यांदा कुठे जाल, एवढंच विचारलं. दवाखाना म्हणणारे सहा निघाले. एका मुलीला टायपिंगच्या क्लासला जायचं आहे. एका बाईंना बाजारात जाऊन स्वतःच्या पसंतीची साडी घ्यायची आहे, सात वर्षं त्यांच्या साड्या दुसरंच कुणीतरी निवडतं. सतारी बनवणारे एक म्हातारे कारागीर आहेत, मधुमेहाने पाय गेला, त्यांना मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यातलं गाणं ऐकायचं आहे.

वहीची प्रत या पत्रासोबत आगारात देऊन आलो आहे. गाडी सुरू झाली तर पहिले सहा महिने मदतनीस म्हणून मी बिनपगारी काम करीन. ४४वं नाव माझ्या मुलाचं आहे, त्याच्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने कृष्णाघाट लिहिलं आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाहक, मिरज