रणगाडे जपले, वाट दाखवणारेही जपा

संपादक महोदय,

नगरच्या रणगाडा संग्रहालयावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. १९९४ पासून ते सुरू आहे, शाळांच्या सहली जातात, पॅटन रणगाड्यासमोर उभं राहून पोरं फोटो काढून घेतात. उत्तमच आहे. पण रणगाडा, दारूगोळा आणि रेशन वेळेवर पुढे पोचावं म्हणून फाट्याफाट्यावर जो उभा असतो, त्या सेना पोलिसासाठीही तिथे एक दालन असावं, एवढं सुचवायला हे पत्र.

मी सेना पोलिसातूनच हवालदार म्हणून निवृत्त झालो. लाल टोपी, पांढरा पट्टा, दंडावर ‘एमपी’, म्हणजे मिलिटरी पोलीस. लोकांना आमच्यापैकी माहीत असतात त्या ‘श्वेत अश्व’ पथकाच्या मोटारसायकलवरच्या कसरती. त्या बघण्यासारख्या आहेतच, पण रोजच्या कामाला टाळ्या पडत नसत. कॉन्व्हॉयमधली, म्हणजे लष्करी ताफ्यातली, प्रत्येक गाडी मोजायची, नंबर आणि वेळ रजिस्टरात टिपायची, शेवटची गाडी आली नाही तर मागच्या चौकीला फोन लावायचा. डोंगरात थंडीने बॉलपेन चालेनासं व्हायचं, म्हणून खिशात पेन्सिलीचा तुकडा असायचाच. १९९९ च्या कारगिल युद्धात तोलोलिंग शिखरावरून द्रासच्या रस्त्यावर शत्रूची थेट नजर होती, तेव्हा गाड्या रात्री दिवे बंद करून न्याव्या लागत. अशा रस्त्यावर वाहतूक सांभाळणं काय असतं, हे कुठल्या तोफेकडे बघून कसं कळणार?

आमचा इतिहासही लहान नाही. १९३९ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनसाठी प्रोव्होस्ट, म्हणजे सेना पोलिसांची, तुकडी उभी राहिली, तिथून ही परंपरा येते. १९७१ मध्ये सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या हाती आले. कैदी मागे आणणं, त्यांची नोंद ठेवणं हे सेना पोलिसांच्या कामातलं. मे २०२१ मध्ये बंगळूरच्या केंद्रातून महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या ८३ मुलींच्या आठवणी आत्ताच टिपून ठेवल्या तर उद्या शोधाशोध करावी लागणार नाही. ब्रिटनने हॅम्पशायरमधल्या साउथविक पार्कला आणि अमेरिकेने मिसूरीतल्या फोर्ट लेनर्डवुडला आपापल्या सेना पोलिसांची संग्रहालयं केली आहेत.

एक विनंती मात्र आहे. दालन केलंच, तर नुसती पदकं आणि संचलनाचे फोटो लावू नका. रजा संपूनही न परतलेल्या जवानाला आम्ही आणायचो, बाजारात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला उचलायचो. लाल टोपी दिसली की कॅन्टीनमधल्या गप्पा थांबत. आमच्यावर राग असायचा, कधी रास्तही असायचा. तेही तिथे यायला हवं, आणि ते आमच्यापेक्षा इतर पलटणींतल्या जवानांच्या तोंडून आलेलं बरं.

सामान कुठून आणणार, असं कुणी विचारेल. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजींच्या घरी माळ्यावर काळी ट्रंक असतेच. म्हातारा गेला की पोरं ट्रंक ठेवतात नि आतलं भंगारात घालतात. शिट्टी, पट्टा, बदलीच्या गावांचे फोटो, घरी आलेली पत्रं, सगळं जातं. वस्तूसोबत कुणाची, कुठली, कोणत्या सालची एवढं लिहून घेतलं तरच तिला अर्थ, नाहीतर तो नुसता चामड्याचा तुकडा. सरकारी कागद असतील तर ते परस्पर न मांडता सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारावं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांच्या पुढच्या मेळाव्यात एक टेबल, एक रजिस्टर आणि आवाज रेकॉर्ड करायला एक मोबाइल ठेवला तरी सुरुवात होईल. ऐंशी ओलांडलेल्यांना मेळाव्याला येणं जमत नाही, त्यांच्या घरी जावं लागेल. आमच्या तालुक्यात ते काम करायला मी तयार आहे. माझी शिट्टी, पट्टा आणि दंडावरची पट्टीही द्यायची आहे, फक्त पावती मिळावी.

– एक निवृत्त हवालदार (सेना पोलीस), जि. सातारा